सासरची वाटी

आमचे हे दोन हजार वर्षांपूर्वी गालीलच्या सरोवरात मासे धरत होते, हे मला त्यांच्या निवृत्तीनंतर कळलं. या जन्मी आमच्याकडे अंडंसुद्धा बाल्कनीत, वेगळ्या भांड्यात उकडतात. त्यामुळे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं, आणि मी वर्गात कादंबरीकडे ज्या नजरेने पाहत असे, त्याच नजरेने कादंबरीने माझ्याकडे पाहिलं.

कादंबरी माझी विद्यार्थिनी. मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवते. त्या शेकडो मुलींतली ही एक, हुशार, पण सनावळ्यांचा कंटाळा असलेली. पुढे ती हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत एचआरला लागली. तेजीत माणसं भरली, मंदी आली तेव्हा तीच माणसं एकेक करून खोलीत बोलावून घरी पाठवली. मग स्वतःच नोकरी सोडली, कुठेतरी जाऊन लोकांना पूर्वजन्मात नेण्याचा कोर्स केला आणि कर्वेनगरात झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. रात्रपाळ्यांनी झोप उडालेली आयटीतली पोरं तिच्याकडे यायची आणि मागच्या जन्मी आपण सरदार होतो असं ऐकून बरी होऊन जायची.

ह्यांचं दुखणं निराळं होतं. यज्ञेश्वर, म्हणजे आमचे हे, एका कारखान्यात खरेदीखात्यात होते. उदारीकरणानंतर कारखान्याला माणसं जड झाली आणि ह्यांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. स्वेच्छा कारखान्याची, निवृत्ती ह्यांची. घरी बसले आणि त्यांचा गळा आवळू लागला. शर्टाचं वरचं बटण लावलं की घाम फुटायचा. सगळ्या तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. कसलं टेन्शन? मुलगा राजस अमेरिकेत, फ्लॅट स्वतःचा, बायको अजून नोकरीत. भाजी घेताना कादंबरी भेटली, तिला सहज सांगितलं, तर म्हणाली, "बाई, एकदा काकांना घेऊन या. गळ्याचा इश्यू नेहमी मागचा असतो."

ह्यांचं बोलणं म्हणजे तारेचा मजकूर. "मीठ." "पेपर." "निघतो." लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती, पण मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नव्हती, "अगं" एवढ्यावर संसार झाला. माणूस वाईट नव्हे. हात उगारला नाही, प्यायले नाहीत, माझ्या नोकरीच्या आड आले नाहीत, आणि आमच्यात एवढ्यावर नवऱ्याला चांगला म्हणायची पद्धत आहे. एकच खूळ होतं. "ते गळ्यातलं आत ठेव," म्हणायचे. मोटरसायकलवरून येऊन मंगळसूत्रं खेचण्याचे प्रकार आमच्याकडे वाढले होते हे खरं, पण हे मला घरात, जेवायच्या टेबलावरही तेच सांगायचे. आणि त्यात खेचण्यासारखं होतं काय? काळे मणी आणि दोन वाट्या, रीतीप्रमाणे एक माहेरची, एक सासरची. सासरची पहिल्यापासून फिकी. लग्नाच्या मांडवातच माझ्या मावशीने ते हेरलं होतं. तेव्हा मामंजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "सोनार वेगळा, कस वेगळा. घालणारी एकच आहे ना?" सगळे हसले होते.

कादंबरीकडची खुर्ची मागे रेलणारी होती, एका बंद पडलेल्या कॉल सेंटरमधून आणलेली. हे तीत आडवे झाले. कादंबरीने आवाज मऊ केला आणि त्यांना मनातल्या मनात जिना उतरायला लावला. मी कोपऱ्यात वह्या तपासत बसले होते. मला वाटलं, आता घोरतील.

"काका, काय दिसतंय?"

"पाणी," हे म्हणाले. "सरोवर आहे. होड्या आहेत."

"तुम्ही कोण आहात?"

"मी जाळी ओढतो. गुरुजी आलेत. सगळे त्यांच्यामागे चाललेत."

"गाव कोणतं, काका?"

"गालील."

मला हसू आलं, आणि मग माझं लाल पेन थांबलं. गालील म्हणजे येशूचा मुलूख. ह्यांनी आयुष्यात पेपर आणि पंचांग सोडून काही वाचलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी घरी येताना त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि घाम फुटला नाही.

मग दर रविवारी सकाळी जायचं ठरलं. हळूहळू ह्यांच्याभोवती मंडळ जमलं. कंपनीने काम न देता नुसताच बसवून ठेवलेला एक इंजिनिअर, दोन निवृत्त बँकवाले, एक होमिओपॅथ बाई. कादंबरीच्या मते हे साधं प्रकरण नव्हतं. ख्रिस्ती धर्माची सुरुवात कशी झाली यावर कपाटंच्या कपाटं भरतील एवढं लिहिलं गेलंय, पण ते सगळं नंतरच्यांनी लिहिलेलं. इथे प्रत्यक्ष तिथे असलेला माणूस कर्वेनगरात खुर्चीत पडून सांगतोय. ती वेबसाइट काढणार होती.

आणि खरं सांगते, हे फार सुरेख सांगायचे. कोणी विचारलं, गुरुजी बोलायचे कसे? हे म्हणाले, "हळू. मागच्यांना ऐकू यायचं नाही. मागचे पुढच्यांना विचारायचे, काय म्हणाले? पुढचे जे सांगतील ते मागे जायचं." इंजिनिअर खूश झाला; बायबलातली चार शुभवर्तमानं एकमेकांशी जुळत का नाहीत, ते त्याला कळलं. पुढच्या खेपेला एका बँकवाल्यांनी विचारलं, गुरुजी गेल्यावर तुम्ही नवा धर्म कसा सुरू केलात?  हे म्हणाले, "धर्म वगैरे काही नव्हतं. आम्ही घाबरलो होतो. दारं लावून बसायचो. बायका गुरुजींचं पान वाढायच्या, रोजच्यासारखं. मग ते पान उचलायचं कोणी? म्हणून सगळ्यांनी त्यातला एकेक घास घेतला. तेच पुढे चालू राहिलं."

 मी आयुष्यभर धर्मस्थापना शिकवल्या, सन, स्थळ, कारणे, परिणाम. त्यात घाबरलेली माणसं कुठे नव्हती. त्यानंतर मी वह्या घरी ठेवून येऊ लागले.

आणि मरियम होती. गुरुजींच्या मागे चालणाऱ्या बायकांतली एक. ती दिसली की ह्यांचा आवाजच बदलायचा. "तिचं हसू आधी डोळ्यांत येतं, मग ओठांवर," म्हणायचे. "ती चालताना पुढे निघून जाते. मग थांबते. मागे वळून बघत नाही, नुसती थांबते." हे बोलणारा माणूस माझ्या घरात मीठ मागत होता. मला त्या मरियमचा हेवा वाटला, आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईचा हेवा करण्याइतकी मी खुळी झाले याचा रागही आला.

एका रविवारी कादंबरीने मला जिन्यात गाठलं. "बाई, तुम्हाला अजून क्लिक नाही झालं? आत्मे एकटे येत नाहीत, ग्रुपने येतात. मरियम म्हणजे तुम्हीच."

"मी कोथरूडची आहे," मी म्हणाले.

"चेष्टा नाही, बाई. काका तुमच्याबद्दल बोलतायत. या जन्मात त्यांना जमत नाही, म्हणून तिथून बोलतात."

मी तिला उडवून लावलं. पण घरी आल्यावर आरशासमोर उभी राहिले आणि आपलं हसू आधी कुठे येतं ते पाहिलं. त्यानंतरच्या रविवारी मी इस्त्रीची साडी नेसले. हे डोळे मिटून बोलायचे आणि मी ते माझ्यासाठी आहे असं धरून ऐकायचे. एवढ्या संसारात जे एकदाही कानावर पडलं नव्हतं, ते आता दर आठवड्याला पडत होतं. मी सुखी होते, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

त्या सुखापायी मी माझं शिक्षण गुंडाळून ठेवलं. हे म्हणाले, सरोवराच्या एका टोकाला मोठी दगडी भिंत आहे आणि भिंतीच्या दारांतून पाणी सोडतात. गालीलला कुठलं आलंय धरण? मी मनाला म्हटलं, असेल एखादा बांध. हे म्हणाले, "काठावर बसून आम्ही मक्याची कणसं खातो, निखाऱ्यावर भाजून, लिंबू-मीठ चोळून." मका अमेरिकेतून आला, कोलंबसानंतर, हे माझी सातवीतली मुलगीसुद्धा सांगेल. मी म्हटलं, गव्हाच्या ओंब्या असतील. ओंब्यांना कोणी लिंबू चोळत नाही, तरी म्हटलं. हे म्हणाले, "मरियमच्या हाताला उसाचा वास येतो." तिथे तेव्हा ऊस नव्हता. मी म्हटलं, मध असेल. परीक्षेत असली उत्तरं लिहिणाऱ्या मुलीला मी बाकावर उभं केलं असतं.

एकदा हे फार रडले. कोणीतरी त्यांना भरल्या घरात विचारत होतं, ओळखतोस का? "मी म्हणालो, नाही," हे म्हणाले. "मी ओळखत नाही." आणि गळ्याशी हात नेऊन हुंदके देऊ लागले. मंडळाला तर घबाडच सापडलं. शुभवर्तमानात प्रसंगच आहे तसा, गुरूला पकडून नेल्यावर शिष्याला तीनदा विचारतात आणि तीनदा तो म्हणतो की मी ह्या माणसाला ओळखत नाही, आणि मग कोंबडा आरवतो. हे तोच शिष्य की त्याच्या शेजारी बसलेला, यावर इंजिनिअर आणि बँकवाल्यांचं भांडण जुंपलं. मी ह्यांना पाणी दिलं. मला वाटलं, किती हळवा आहे हा माणूस, आणि मला इतक्या उशिरा कळतंय.

त्यानंतरच्या रविवारी हे हसत होते. डोळे मिटलेले, आणि दोन्ही हात पुढे धरलेले.

"काय करताय, काका?"

"बांधतोय. तिच्या गळ्यात."

"काय बांधताय?"

"काळे मणी. मधे क्रूस आहे, छोटा, सोन्याचा. ती म्हणते, गाठ नीट मार, सुटेल."

कादंबरीच्या डोळ्यांत पाणी आलं. होमिओपॅथ बाईंनी माझा हात दाबला. 

मक्याला मी गहू म्हटलं होतं, उसाला मध. क्रूसाला काय म्हणणार? त्या काळी क्रूस म्हणजे वधस्तंभ, माणसं मारायचा खांब. ज्यावर त्यांच्या गुरुजींना मारलं, तो. त्या दारं लावून बसलेल्या माणसांनी तो दागिना म्हणून गळ्यात घातला नाही, पुढे कित्येक पिढ्या नाही. ज्या घरातला माणूस फासावर गेला, त्या घरातली बाई सोन्याचा फास घडवून मिरवत नाही. आणि काळे मणी? काळ्या मण्यांत ओवलेला क्रूस मी पाहिला होता, पण तो आमच्या स्टाफरूममध्ये, संगीत शिकवणाऱ्या साळवेबाईंच्या गळ्यात. आपल्याकडच्या मराठी ख्रिस्ती बायकांचं मंगळसूत्र तसंच असतं.

मग बाकीचंही ओळीने समोर येऊन उभं राहिलं. धरणाची भिंत, काठावर भाजलेली कणसं, हे तर खडकवासला. रविवारी अर्धं पुणं तिथे जाऊन तेच खातं. लग्न झाल्यापासून ह्यांनी मला तिथे कधी नेलं नव्हतं. "धरणात काय बघायचंय," म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी थेट सदाशिव पेठेत उल्काकडे गेले. उल्का माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. आमचं दोघींचं चांगलं होतं. माझ्या बाळंतपणात तिने माझं केलं, तिच्या ऑपरेशनच्या वेळी मी तिचं केलं. तिने चहाचं आधण ठेवलं आणि मी विचारलं, "ती ख्रिस्ती मुलगी कोण होती?"

उल्का "कोण मुलगी" म्हणाली असती तर मी चहा पिऊन परत गेले असते. तिने गॅस बंद केला.

"तुला कोणी सांगितलं, वहिनी?"

"तुझ्या भावाने. झोपेत."

ती खाली बसली. "दीपमाला," ती म्हणाली. "दीपमाला शिरसाठ. लग्नाआधी दादा मांजरीकडे उसाच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होता ना, तिथे ती होती. उसाचे नमुने पिळून रस काढायचं काम होतं तिच्याकडे. दादाला ती तिची शुभवर्तमानं वाचून दाखवायची."

"लग्न केलं होतं त्यांनी?"

"तसं नाही. खडकवासल्याला जाऊन दादाने तिच्या गळ्यात बांधलं, एवढंच. नवीन नोकरी, जमेल तसं केलेलं, कमी कसाचं. चर्चमध्ये रीतसर करायचं ठरवत होते. तेवढ्यात अण्णांना, म्हणजे तुझ्या मामंजींना, कळलं. दादाला घरात बसवलं, नोकरी सोडायला लावली. मग एक दिवस ती विचारायला आली. अण्णांनी तिला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. आम्हा सगळ्यांसमोर दादाला विचारलं, हिला ओळखतोस? दादा म्हणाला, नाही. अण्णांनी परत विचारलं. परत म्हणाला, मी ओळखत नाही."

"आणि ती?"

"रडली नाही. गळ्यातलं काढलं, चपलांच्या फळीवर ठेवलं आणि गेली. पुढे नगरला नर्स झाली म्हणे. त्यापलीकडे मला माहीत नाही."

खरं तर मी इथे उठायला हवं होतं. लग्नाआधी कोणाचं काय होतं, यावर या वयात आकांडतांडव करणारी मी नव्हे. मला दुःख झालं ते मरियम मी नव्हते याचं, आणि ते उल्काला सांगण्यासारखं नव्हतं. पण उल्का माझ्या गळ्याकडे बघत होती. हे बघायचे ना, अगदी तसंच.

"काय?" मी विचारलं.

"अण्णांचा स्वभाव तुला माहीत आहे, वहिनी. काही टाकायचे नाहीत."

"उल्का."

"सोन्याला जात नसते म्हणाले. वितळलं की सगळं सारखं. मीच नेऊन दिलं सोनाराकडे. मला वाटलं, मोडून टाकायला पाठवतायत." तिने माझ्या गळ्याकडे बोट केलं. "तुझी सासरची वाटी."

आमच्या सासरी कांद्याची सालंसुद्धा कुंड्यांत जायची. ते लोक सोन्याचा क्रूस बरे वाया जाऊ देतील.

"सासूबाईंना माहीत होतं?"

"सगळ्यांना होतं."

"ह्यांना?"

"दादासमोरच बोलणं झालं," उल्का म्हणाली. "आणि मुहूर्तावर तुझ्या गळ्यात त्यानेच घातलं की."

रिक्षात मी रडले. मला फसवलं होतं, आणि एकट्याने नाही, अख्ख्या घराने, मांडवात हसत हसत. ज्या वाटीला मी सणावारी हळदकुंकू लावलं, राजसच्या वेळी कळा आल्या तेव्हा जी दाताखाली धरली, ती दुसरीच्या गळ्यातून उतरवलेली होती. तिची फसवणूक वितळवून त्यांनी माझी घडवली. आणि उल्का माझ्या घरी येऊन, माझ्या हातची पुरणपोळी खाऊन, ती वाटी बघून जात होती. आणि हे "आत ठेव" म्हणत होते. चोरांना दिसू नये म्हणून नव्हे, त्यांना स्वतःला दिसू नये म्हणून.

घरी आले तेव्हा हे पेपर वाचत होते. मी कुकर लावला आणि विचारलं, "अहो, दीपमाला कोण?"

पेपर खाली आला नाही. "कोण दीपमाला?"

"शिरसाठ. मांजरीची."

"मी नाही ओळखत," हे म्हणाले.

वडिलांसमोर दोनदा, माझ्यासमोर एकदा. तेवढ्यात शिट्टी झाली. शुभवर्तमानात कोंबडा आरवतो. आमच्या घरात कुकरवर भागवावं लागतं. हे पेपरमागून म्हणाले, "आणि ते गळ्यातलं आत ठेव."

शनिवारी दुपारी हे वामकुक्षी घेत होते तेव्हा मी मंगळसूत्र उसवलं आणि पुन्हा ओवलं, माहेरच्या एकट्या वाटीसकट. फिकी वाटी रुमालाच्या टोकात बांधली. रविवारी कादंबरीकडे पोचल्याबरोबर मी म्हणाले, "आज मला बसव."

तिला काय करू आणि काय नको असं झालं. मंडळ पुढे सरकून बसलं. आज मरियम बोलणार होती. ह्यांना माझ्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. मी डोळे मिटले. जिनाबिना काही उतरले नाही.

"बाई, काय दिसतंय?"

"दार," मी म्हणाले. "मी दाराबाहेर उभी आहे."

"कोणाचं दार?"

"त्याच्या वडिलांचं. मला आत येऊ देत नाहीत. तो आत बसलाय. वडील त्याला विचारतायत, हिला ओळखतोस?"

शेजारची खुर्ची हलली. ह्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"मग, बाई? तो काय म्हणतो?"

"ते त्याने सांगायचंय," मी म्हणाले आणि मिटल्या डोळ्यांनी ह्यांच्याकडे तोंड वळवलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांना एकेरी हाक दिली. "सांग. मी दारात उभी आहे. ओळखतोस मला?"

मला काय हवं होतं ते मला पक्कं माहीत होतं. त्यांनी डोळे उघडून मला बघावं आणि म्हणावं, हेमा, पुरे कर, चुकलं माझं. एवढं म्हणाले असते तरी मी घरी जाऊन ती वाटी पुन्हा ओवली असती. देवाशप्पथ ओवली असती.

हे खुर्चीतून खाली गुडघ्यांवर आले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, घट्ट. असे त्यांनी माझे हात कधी धरले नव्हते.

"ओळखतो," ते म्हणाले. "ओळखतो गं, दीपा. मी खोटं बोललो. तू थांबली होतीस आणि मी आलो नाही."

होमिओपॅथ बाई मुसमुसू लागल्या. इंजिनिअरने हळूच विचारलं, दीपा कोण? कादंबरीने त्याला गप्प केलं. म्हणाली, हीलिंग होतंय.

मी डोळे उघडले. "मी हेमा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर लाज नव्हती, भीतीही नव्हती. गाढ झोपेतून कोणी उठवल्यावर माणूस जसा बघतो, तसे ते बघत होते, की ही बाई कोण आणि मधेच कुठून आली. ते बघणं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मी हात सोडवून घेतले. रुमालाची गाठ सोडली आणि वाटी त्यांच्या तळहातावर ठेवली. "हा तिचा क्रूस," मी म्हणाले. "नगरला नेऊन द्या. ती घरात घेईल अशा समजुतीत जाऊ नका."

मग कादंबरीकडे वळले. ती उघड्या तोंडाने बघत होती, बारा-तेरा वर्षांची असताना बघायची तशी. "लोकांनी क्रूस गळ्यात घालायला कधी सुरुवात केली, ते वाचून काढ," मी तिला सांगितलं. "वेबसाइटवर चुकीचं टाकू नकोस."

खाली झेरॉक्सच्या दुकानासमोर रिक्षा उभी होती. कोथरूडला, भावाकडे, असं सांगितल्यावर रिक्षावाल्याने जवळचं भाडं म्हणून तोंड वाकडं केलं, पण माझ्याकडे बघून मीटर टाकला. तेवढ्यात जिन्यावर धडधड झाली. हे अनवाणीच खाली आले होते, एक मूठ आवळलेली, शर्टाचं वरचं बटण लावलेलं.

"हेमा," त्यांनी हाक मारली. भर रस्त्यात, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "हेमा, थांब."

रिक्षावाल्याने क्लच धरून ठेवला. "बाई, ते तुम्हालाच हाक मारतायत वाटतं. ओळखीचे आहेत का?"

"नाही," मी म्हणाले. "मी ओळखत नाही."